बस्त्याव मास्तरांची बेस गिटार

काचपेपरचा पहिला हात मी गिटारच्या पाठीवर मारला. पुढच्या बाजूने सुरुवात करायचा धीर झाला नाही.

रविवारची सकाळ होती, साडेसहा वाजले असतील. मागच्या पडवीत गोणपाट अंथरून त्यावर गिटार पालथी घातली होती. तारा आदल्या दिवशी दुपारीच सोडवल्या होत्या. बेस गिटारची मान अंगाला चार लांब स्क्रूंनी जोडलेली असते, तेही काढून नारळाच्या करवंटीत ठेवले होते. आतल्या वायरी कुठून कुठे जातात त्याचं चित्र वहीच्या पानावर काढून घेतलं होतं, कारण ते एकदा विसरलं असतं तर सावंतवाडीत मला सांगणारा एकच माणूस होता आणि त्याला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

रंग सहजासहजी निघेना. मोटारींना मारतात त्या जातीचा तो होता. वीस-पंचवीस हात मारल्यावर कुठे लाल भुकटी पडायला लागली. माझ्या मांडीवर, परकरावर, पायांच्या बोटांवर.

बाबा दंतमंजनाचं बोट तोंडात घालून मागच्या दारात आले आणि तसेच उभे राहिले.

"ह्या काय गो करतंस?"

"रंग काढतंय."

"कसलो रंग?" त्यांनी बोट तोंडातून काढलं. "सुगंधा! अकरा वाजता तो माणूस गाडी घेवन येतलो!"

"येवंदे."

"अगो, मी शब्द दिलंय तेका!"

मी हात थांबवला नाही. आई आतून धावत आली, तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि चुलीकडे परत गेली. बाबांनी माझ्या हातातला काचपेपर हिसकावून अंगणात फेकला. माझ्याजवळ आणखी सात होते. मी दुसरा घेतला. तो त्यांनी फेकला नाही. खांबाला टेकून ते नुसते बघत राहिले, आणि थोड्या वेळाने तोंड धुवायला विहिरीवर गेले.

आमचं घर चितारआळीत. लाकडी फळं, बाहुल्या, पाट, गंजिफाचे गोल पत्ते, असं सगळं आमच्या घरात होतं. बाबा लेथवर लाकूड फिरवायचे, आई आणि मी रंगवायचो. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. साल शहाण्णव.

गिटार माझ्या आयुष्यात आली ती एका पडद्यामुळे. गावात 'नवतरंग' नावाचा ऑर्केस्ट्रा होता, त्यांनी स्टेजच्या मागचा पडदा रंगवायला मला बोलावलं. शाळेच्या हॉलमध्ये मी टेबलाला टेकून रंग कालवत होते आणि तिकडे त्यांची तालीम सुरू झाली. एकाएकी टेबल थरथरलं. तो आवाज माझ्या कानांच्या आधी माझ्या कमरेला कळला. गाणारा गात होता, की-बोर्डवाला नखरे करत होता, आणि त्या सगळ्यांच्या खाली कोणीतरी सावकाश, ठाम पावलं टाकत चाललं होतं. मी ब्रश घेऊन स्टेजजवळ गेले. चार जाड तारांचं एक वाद्य घेऊन एक पोरगा कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"ह्या काय?" मी विचारलं.

"बेस."

"खंय शिकूक मेळता?"

"बस्त्याव मास्तराकडे. पण तुका नाय शिकवचे."

बस्त्याव अल्मेडा सालईवाड्यात राहायचे. वीस वर्षं मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत बेस वाजवून, बायको गेल्यावर गावी परतलेले. पोरांना व्हायोलिन शिकवायचे. मी जाऊन उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "मेंडोलिन शीक, चेडवा. हलक्या आसता."

"माका बेस शिकूचा आसा."

ते आत गेले आणि त्यांची स्वतःची गिटार घेऊन आले. अमेरिकन बनावटीची, चौसष्ट सालची. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या चुलतभावाने आणलेली. लाल रंग फिका होऊन विटेच्या वळणावर गेला होता. वरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो, तिथला रंग झिजून तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. ते धूड त्यांनी माझ्या गळ्यात अडकवलं.

"आता एक तास अशीच उभी ऱ्हव. वाजवू नको. नुसती उभी ऱ्हव."

खांदा तुटायची वेळ आली. पण मी तासभर उभी राहिले. ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते, असं मला वाटलं. तास संपला तेव्हा लक्षात आलं, त्यांनी एकही पान उलटलं नव्हतं.

दीड वर्ष त्यांनी मला शिकवलं. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. मास्तरांची बोटं मात्र संधिवाताने आखडत चालली होती. एक दिवस त्यांना जाड तार दाबवेनाच. त्या दिवशी त्यांनी गिटार पुसून तिच्या पेटीत ठेवली आणि मला म्हणाले, "तूच घे हिका. माझ्या हातान ती आता वाजाची नाय."

फुकट घेणार नाही, असं मी सांगितलं. गंजिफाचे पत्ते रंगवून जमवलेले सगळे पैसे त्यांना नेऊन दिले. त्यांनी ते न मोजता खिशात घातले.

"आता ही तुझी," ते म्हणाले. "माझ्या घरात परत हाडू नको. माका बघवाची नाय."

त्यानंतर पाचच महिन्यांनी, त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, मी बाजारातल्या दुकानात खेळण्यांची टोपली देऊन घरी आले तर ओटीवर तिघेजण बसलेले. बाबा, मास्तर, आणि पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी गृहस्थ. त्याने मांडीवर रुमाल पसरला होता आणि रुमालावर माझी गिटार होती.

"ही तुमची मुलगी ना?" तो म्हणाला. "ये, ये. मी नागेशकर. पणजीला माझं हॉटेल आहे."

बाबा खुशीत होते. इतके खुशीत मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. हॉटेलाच्या दर्शनी दालनात काचेचं कपाट होणार होतं, आत दिवा, आणि त्यात जुनी वाद्यं. किंमत ऐकून मी बाबांकडे पाहिलं. आमच्या लेथवर तीन वर्षं काम करून तेवढे पैसे झाले नसते.

"रविवारी अकरा वाजता गाडी घेऊन येतो," नागेशकर म्हणाले. "पण एक लक्षात ठेव हं मुली. आता हिला हात लावायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचंसुद्धा नाही. हा रंग कारखान्यातून आला तसाच्या तसा आहे, बत्तीस वर्षं. किंमत आहे ती ह्या रंगाची. हा गेला की मग काय उरलं? लाकडाचा ओंडका. कळलं?"

"माका इकूची नाय," मी म्हणाले.

नागेशकर हसले. बाबाही हसले. "पोरबुद्धी आसा," ते त्यांना म्हणाले, आणि आईला आणखी एकदा चहा टाकायला सांगितलं.

मी मास्तरांकडे वळले. ते अंगणातल्या तुळशीकडे बघत बशीतून चहा पीत होते.

"मास्तर, तुमी सांगा मां तेंका. नवतरंगवाल्यांनी माका घेतल्यानी. दिवाळीनंतर कार्यक्रम आसा. तुमका म्हायत आसा."

त्यांचा तो बेसवाला पोरगा दुबईला गेला होता आणि दुसरा कोणी मिळत नव्हता म्हणून त्यांनी मला घेतलं होतं. तरी घेतलं होतं.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "दी गो तेंका," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "थंय ती बरी ऱ्हवात."

त्या माणसाला आमच्या घरापर्यंत मास्तरांनीच आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "गिटार माझी आसा. माका कित्याक इचारूक नाय?"

"तुका काय इचारूचा? दिवाळीनंतर कुडाळसून पावणे येतले तुका बघूक. तेंका काय सांगू? आमचा चेडू उभ्यान गिटार वाजवता, पोरांच्या घोळक्यात?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तुझ्याच लग्नाक पैसे होतले ते. माझ्यासाठी करतंय काय मी?"

ते खोटं बोलत नव्हते. माझे बाबा वाईट नव्हते. त्यांना फक्त असं वाटत होतं की माझ्या वतीने हो म्हणायचं काम त्यांचं आहे.

शुक्रवार गेला. शनिवारी मी वाण्याकडून आठ काचपेपर आणले, चार जाड आणि चार बारीक. गिटार लपवली असती तर कोणीतरी शोधून काढली असती. रडले असते तर आईने समजूत घातली असती. नागेशकरांनी स्वतःच मला सांगून ठेवलं होतं की ती कशी केली म्हणजे कोणालाच नको होईल.

रविवारी दहापर्यंत पाठ आणि कडा झाल्या. खालचं लाकूड पिवळसर, बारीक रेषांचं निघालं. आमच्या खेळण्यांच्या पांगाऱ्यासारखं हलकं, पण पांगारा नव्हे. मग मी गिटार सुलटी केली. पुढच्या बाजूचा सगळा रंग काढला आणि मास्तरांच्या हाताने झिजलेली ती जागा शेवटपर्यंत ठेवली. तिच्याभोवती लाल रंगाची एक किनार तेवढी उरली होती. पावणेअकराला मी तीही काढली.

गाडी वेळेवर आली. बाबा पुढे झालेच नाहीत. आईने दार उघडलं. नागेशकर आणि मास्तर घरातून थेट मागच्या पडवीत आले. मास्तर चर्चमधून परस्पर गाडीत बसून आले असावेत, अंगात इस्त्रीचा कोट होता.

नागेशकर गोणपाटाकडे बघत राहिले. मग खाली बसले, लाल भुकटी चिमटीत घेतली आणि सोडून दिली.

"तू काय केलंस, ते तुला कळतंय का?"

"कळतंय. तुम्हीच सांगितलं होतं."

"अगं, देशात अशा दहासुद्धा नसतील!"

"आता नऊ."

त्यांच्या मानेवरची शीर फुगली. ते बाबांना शोधत ओटीवर गेले, तिथे काहीतरी मोठमोठ्याने बोलले, आणि गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. गाडी मास्तरांना न घेताच गेली.

मास्तर पडवीतच होते. ते गुडघ्यांवर हात देत गोणपाटावर बसले. आखडलेली बोटं त्यांनी लाकडाच्या वरच्या कडेवरून फिरवली. एकदा इकडून, एकदा तिकडून. सगळीकडे सारखंच गुळगुळीत होतं.

"माझो हात खंय गेलो?" ते म्हणाले.

मी मांडीवरची लाल भुकटी झटकली.

त्यांनी कोटाच्या खिशातून एक कागद काढला आणि माझ्या पुढे धरला. शाईच्या पेनाने काळजीपूर्वक लिहिलेल्या तीन ओळी होत्या. वर चार वेळा खोडलेलं होतं. 'बस्त्याव अल्मेडा, सावंतवाडी. बेस गिटारवादक. ह्यांनी १९६५ ते १९८५ पर्यंत हे वाद्य वाजविले.'

"पितळेची पाटी करतलो होतो तो. कपाटाच्या खाली." मास्तरांचा आवाज अगदी साधा होता. "तबकडीवर गाणाऱ्याचा नाव आसता. लिवणाऱ्याचा आसता. संगीतकाराचा मोठ्या अक्षरांनी. आमी चाळीस जण खोलयेत बसलेले आसव, घामान भिजलेले. आमचा नाव खंय? ह्या एकदाच येवचा होता."

माझ्या हातात काचपेपर तसाच होता.

"माका म्हायत नाय होता, मास्तर."

"म्हायत असता तर थांबलं असतंस?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. म्हाताऱ्या माणसाला तेवढं बरं वाटलं असतं आणि माझं काही बिघडलं नसतं. पण त्यांनीच मला दीड वर्ष शिकवलं होतं की बेस वाजवणाऱ्याने चुकीची तार छेडली तर ती सगळ्यांच्या पोटात वाजते.

"नाय," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी केली. उठायला हात दिला तो त्यांनी घेतला नाही. परसाच्या वाटेने, घरात न शिरता ते निघून गेले.

बाबा माझ्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. लेथच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, एवढाच निरोप आईकडून आला. मी पडवीतच काम केलं. चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून पहिला थर दिला, घासला, त्यावर रंग चढवला. आमच्या लाकडी केळ्यांना देतो तो भडक पिवळा, आणि कडेने तांबडी-हिरवी पट्टी. मला तोच रंग येत होता आणि तोच मला हवा होता. वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पण परतीचा पाऊस लागून राहिला होता, हवेतल्या ओलीने लाख पांढुरकी पडली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरावा तशी. सगळं पुन्हा खरवडलं. दुसऱ्या वेळी ऊन पडायची वाट पाहिली आणि मऊ फडक्याच्या बोळ्याने एकावर एक चौदा हात दिले. शेवटी झिलईसाठी आईने केवड्याचं पान आणून दिलं. "हातांका काटे लागतले, जपून कर," एवढंच ती म्हणाली.

मग वहीतलं चित्र बघून वायरी जोडल्या. दोन उलट्या जोडल्या गेल्या होत्या, ते शोधायला दोन दिवस गेले. मास्तरांना मी विचारलं नाही.

कार्यक्रम दिवाळीनंतरच्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, शाळेच्या मैदानात होता. मी साडी नेसून, गळ्यात ती पिवळी गिटार अडकवून स्टेजवर आले आणि पहिल्या दोन रांगांत हशा पिकला.

"अरे, ह्या खेळणा काय?"

"चावी भरून चलतला वाटता!"

निवेदकाने सगळ्यांची नावं सांगितली आणि मला 'आणि साथीला एक भगिनी' असं म्हणून तो पुढे गेला. मी माइकपाशी गेले, त्याच्या हातातून तो घेतला आणि म्हणाले, "सुगंधा चितारी. बेस गिटार." माइक परत दिला. हशा थांबला नाही. वाढलाच थोडा.

पहिलं गाणं सुरू झालं. मी जाड तार सोडली. स्पीकर माझ्या मागेच होता, स्टेजच्या फळ्या थरथरल्या. पहिल्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ हसता हसता थांबला आणि आपल्या खुर्चीच्या हाताकडे बघू लागला. मला आणखी काही नको होतं. दुसऱ्या गाण्यानंतर माझ्याकडे कोणी बघेनासं झालं, सगळे गाणाऱ्याकडे बघत होते आणि पाय मात्र माझ्या तारेवर हलवत होते. ढोलकीवर बाजूच्या गावचा गुंडू होता. आई बायकांच्या बाजूला पदर दातांत धरून बसली होती. बाबा आले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे वायर गुंडाळत होते. इस्त्रीचा कोट घातलेले मास्तर कनातीशी उभे होते. कधी आले, कुठे बसले होते, मला दिसलं नव्हतं. त्यांनी गिटारकडे पाहिलं. पिवळा रंग, तांबडी-हिरवी पट्टी. ते मला क्षमा करायला आले नव्हते आणि मीही ती मागणार नव्हते.

"तिसऱ्या गाण्यात," ते म्हणाले, "अंतऱ्याक येताना घाई केलंस."

"मी घाई करूक नाय."

"केलंस. माका शिकवू नको. वीस वर्षां वाजवलंय मी."

"वाजवलास तर ऐकाक येवक व्हया. गुंडू मागे पडलो."

त्यांचे डोळे बारीक झाले. आखडलेल्या बोटांनी त्यांनी कोटाच्या बाहीवर तो अंतरा वाजवून दाखवला, मी कुठे घाई केली ते. मी तोच अंतरा टेबलावर वाजवला, गुंडू कुठे मागे पडला ते. ते मान हलवत राहिले. मीही. कनात सोडायला आलेली माणसं आम्हाला बाजूला व्हायला सांगत होती आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहून भांडत होतो.

कुडाळचे पाहुणे आले, गिटारचं ऐकून आल्या पावली परत गेले. नवतरंगबरोबर मी नऊ वर्षं वाजवलं, पुढे इतरांबरोबर. मास्तर जाईपर्यंत दर भेटीत आमचा तो एकच वाद व्हायचा. शेवटी ते आजारी असताना मी भेटायला गेले, तेव्हाही त्यांनी उशीवरून बोट वर केलं आणि पुटपुटले, "घाई केलंस."

मी घाई केली नव्हती. गुंडूच मागे पडला होता.